आक्का, तुमचे गुडघे दुखत नव्हते

आक्का,

तुमच्या सन्मतीनं चौकात तुमचा फ्लेक्स लावलाय. चांगला रिक्षाएवढा आहे. त्यावरचा फोटो तुम्ही ओळखला नसता. मी ओळखला. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रतिज्ञापत्रावर चिकटवायला म्हणून काढलेला तो पासपोर्ट फोटो आहे. दुकानदार ‘आजी, इकडं बघा’ म्हणत होता आणि तुम्ही माझ्याकडं बघत होता, कारण तुमची पिशवी माझ्या हातात होती आणि पिशवीत तुमचा डबा होता. म्हणून फ्लेक्सवर तुमची नजर तिरकी आलीय. चौकातल्या पानपट्टीवर तुमचा संशय आहे असं दिसतं. पुण्यात एवढा मोठा साहेब झालेल्या पोराकडं आईचा दुसरा फोटो नव्हता. खाली ‘शोकाकुल’ म्हणून त्याचं नाव आहे, सुनेचं आहे, आणि ज्या बिल्डरला घर पाडायला द्यायचंय त्याचंही आहे. त्या बिल्डरला कसला शोक झालाय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पण मी लिहायला बसले ते फ्लेक्समुळं नाही. लोक सांत्वनाला आले तेव्हा तुमच्या जिन्यावरून म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही म्हणून सगळे खाली, माझ्या सोप्यात बसले. सतरंज्या माझ्या, चहा माझा. आणि माझ्याच सोप्यात बसून तुमचा सन्मती चारचौघांना म्हणाला, “आईला शेवटपर्यंत कोर्टाच्या खेपा घालाव्या लागल्या. भाडेकरीण बाईंनी तिला सुखानं जाऊ दिलं नाही.” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रे घेऊन उभी होते. त्याला बिनसाखरेचा चहा लागतो हे मला ठाऊक आहे. मी त्याला साखरेचा दिला.

तुम्ही असता तर म्हणाला असता, “जाऊ दे गं, पोरगं हाय.” ते पोरगं पन्नाशीला आलंय, आक्का. 

तेव्हा आता मी बोलते. तुम्ही मधे बोलू शकत नाही ही एवढी एकच सोय तुमच्या जाण्यानं झालीय.

मी तुमच्याकडं आले तेव्हा माझ्याकडं एक बॅग होती आणि आटपाडीकडचा मोडलेला संसार होता. लॅबमध्ये नोकरी लागली होती, पण सांगलीत खोली मिळत नव्हती. घरमालक दार उघडायचे, बांगड्यांकडं बघायचे, गळ्याकडं बघायचे आणि विचारायचे, “मिस्टर काय करतात?” फारकत झालीय म्हटलं की खोली अचानक कुणाला तरी आधीच दिलेली असायची. तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होता. तुम्ही एकच विचारलंत, “कांदा-लसूण खातीस?” मी म्हणाले, खाते. “खा. चातुर्मासात तेवढा वास वर येऊ देऊ नको.” आणि किल्ली वरूनच टाकलीत, ती मला झेलता आली नाही. त्या दिवशी मी तुमच्या दोन खोल्यांत दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, रडायचं काय त्यात, नळ गळतोय तेवढा बघून घे.

मग बरीच वर्षं चांगली गेली. चांगल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. सकाळी तुम्ही चालत जैन बस्तीला जायचा, दर्शन करून चालतच यायचा, नऊवारीचा काचा मारून गच्चीवर जायचा, पापड घालायचा, कावळ्यांना शिव्या द्यायचा. तुमच्या जिन्याला कठडा नव्हता आणि तुम्हाला तो कधी लागला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय.

मग तो बिल्डर आला. सन्मती त्याला घेऊन आला, घराला बाहेरून प्रदक्षिणा घातली, भिंती वाजवून बघितल्या. माझ्या स्वयंपाकघराची भिंतही वाजवली, मी आत उभी असताना. जाताना बिल्डर मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही समजूतदार आहात.” ज्यांना आपल्याकडून काही फुकट हवं असतं, ते आपल्याला समजूतदार म्हणतात.

दोन दिवसांनी तुम्ही खाली आलात. माझ्या उंबऱ्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलायला लागलात. निम्म्या शेंगा झाल्यावर म्हणालात, “सुरेखा, तुला एक नोटीस यील. घाबरू नको. वाच आन फाडून टाक.”

“नोटीस फाडायची नसती, आक्का. उत्तर द्यायचं असतं.”

“मग दे की उत्तर. मी कुठं नको म्हणतीया?”

“नोटीस पाठवणाऱ्या तुम्हीच ना?”

“मी सही केलीया,” तुम्ही म्हणालात. “पाठवणारा सन्मती हाय.”

तुमच्याकडं ही एक विद्या होती, आक्का. सही एकीकडं आणि आपण एकीकडं. मोठमोठ्या माणसांना ती जमते आणि मग त्यांचा सत्कार होतो. तुम्ही शेंगा सोलता सोलता ते करत होता.

फारकतीच्या वेळी मी कोर्टाचे शब्द शिकले होते. ते तुम्हाला शिकवायची वेळ माझ्यावर आली, म्हणजे जिच्यावर दावा लावला तिच्यावरच. तुमचे वकील तुम्हाला ‘आजी, इथं अंगठा... बरं, सही येते का, मग सही करा’ यापुढं काही सांगत नव्हते. समन्स घेऊन बेलीफ आला तेव्हा मी सही करून घेतलं आणि तुम्ही जिन्यातून विचारलंत, “काय आलं गं?” मी म्हणाले, तुमच्याकडूनच आलंय. मग तुम्ही खाली आलात आणि मी तुम्हाला तुमचाच दावा वाचून दाखवला.

“ह्यात वादी कोण?”

“वादी म्हणजे जिची तक्रार हाय ती. तुमी.”

“माझी काय तक्रार हाय?”

“हितं लिवलंय. वादीस गुडघेदुखीचा तीव्र त्रास असून जिना चढणे-उतरणे अशक्य झाले आहे. सबब तळमजल्यावरील खोल्यांची वादीस नितांत गरज आहे.”

तुम्ही जोरात हसलात. आत्ताच तर जिना उतरून आला होता. 

“आन तू कोण?”

“प्रतिवादी. मी आता लेखी म्हणणं देणार, त्याला कैफियत म्हणत्यात. त्यात मी लिहिणार की ह्या बाईंचे गुडघे ठणठणीत हायत.”

“लिही की,” तुम्ही म्हणालात. “खरंच हाय ते.”

भाड्याच्या कायद्यात एक दार आहे. घरमालकाला स्वतःला जागेची खरीखुरी गरज असेल तर भाडेकरूला काढता येतं. बिल्डरला जागा हवी, ही गरज त्या दारातून आत जात नाही. म्हणून त्यांनी तुमच्या अंगात गरज शोधली. डोळे बघितले असतील, कान बघितले असतील. शेवटी गुडघे सापडले. गुडघ्याचं बरं असतं, दुखतात म्हणणाऱ्याला खोटं पाडता येत नाही.

सन्मती फोनवर सारखा म्हणायचा, “इथं नाही जमलं तर वर जाऊ.” एकदा तुम्ही मला गच्चीवर बोलावून विचारलंत, वर म्हणजे कुठं. मी सांगितलं. पहिलं इथलं दिवाणी कोर्ट, कनिष्ठ स्तर म्हणतात ते. साक्षी-पुरावे तिथंच होतात. त्याचा निकाल पटला नाही तर जिल्हा न्यायालय, तेही त्याच आवारात. त्यावर हायकोर्ट. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, आता आपल्यासाठी कोल्हापुरात बसतं. आणि सगळ्यात वर दिल्ली, सुप्रीम कोर्ट.

“दिल्लीच्या वर?”

“वर कोण न्हाई.”

“दिल्लीतल्या साहेबांना आपलं घर कुठं हाय ते ठावं असतंय?”

“न्हाई. त्यांच्यापुढं नुसते कागद जात्यात. खालच्या कोर्टात तुमी जे बोलाल, ते कागदावर उतरतंय, आन तेच कागद वर वर जात्यात. वर गेल्यावर कोण तुम्हाला पुन्हा विचारत न्हाई.”

तुम्ही एकेक पापड उलटत राहिलात. मला वाटलं समजलं. समजलंच होतं. म्हणून तर मला तुमचा इतका राग येतो.

तारखा सुरू झाल्या. विजयनगरच्या कोर्टात जायला तुम्हाला एकटीला रिक्षा करता येत नव्हती, सन्मती पुण्यात, तुमच्या वकिलांचा कारकून म्हणायचा ‘वेळेवर या’. मग वादी आणि प्रतिवादी एका रिक्षानं जाऊ लागल्या. कोर्टाच्या वऱ्हांड्यात एकाच बाकावर बसायच्या. दिवस मावळायच्या आत तुम्हाला जेवायला लागायचं, म्हणून डबा बरोबर. पुकारा व्हायला उशीर झाला की तुम्ही न्यायाधीशांकडं नाही, खिडकीतल्या उन्हाकडं बघायचा. एकदा तुमचे वकील चिडले. “आजी, विरुद्ध पार्टीबरोबर बसू नका, केसवर परिणाम होतो.” तुम्ही त्यांना म्हणालात, “मग घरला तुमी सोडता का मला?” ते काळा कोट सावरत निघून गेले. माझे वकील त्यांच्यापेक्षा बरे नव्हते. दोघंही एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि एकमेकांना ‘पुढची तारीख घेऊ’ म्हणायचे. दोन माणसांना आपल्या भांडणावर इतक्या आरामात जगताना मी पहिल्यांदा बघत होते.

त्या वर्षीचं पर्युषण संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. तुम्ही दरवर्षीसारख्या गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडत फिरलात, शेवटी माझ्या दारात आलात. “उत्तम क्षमा. वर्षभरात कायबाय झालं-गेलं असंल तर माफ कर.”

मी हात जोडले नाहीत. मी म्हणाले, “आधी दावा काढून घ्या, मग क्षमा मागा.”

तुम्ही शांतपणे म्हणालात, “दावा सन्मतीचा हाय. क्षमा माझी हाय.”

इतकं सुबक वाक्य मी कुठल्या वकिलाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि इतकं पोकळही. माणसाला घराबाहेर काढायचा कागद कोर्टात ठेवायचा आणि दारात येऊन हात जोडायचे! तुमच्या त्या क्षमेचं मी काय करायचं होतं, आक्का? तिच्यावर छप्पर घालायचं होतं? मी दार लोटून घेतलं. तुम्ही थोडा वेळ बाहेर उभ्या होता, सावली दिसत होती. मग जिना चढून वर गेलात. पटापट. पावलं ऐकू येत होती.

तुमची साक्ष लागली. मुखत्यारपत्र घेऊन आईच्या ऐवजी मीच साक्ष देतो म्हणून सन्मतीनं पाहिलं, पण गुडघे तुमचे होते, बोलायला तुम्हीच लागत होता. त्या दिवशी मात्र तो पुण्याहून गाडी घेऊन आला. आदल्या संध्याकाळी माझे वकील मला म्हणाले, “उलटतपासात मी म्हातारीला मुलावरून धरतो. मुलगा विचारत नाही ना, सणाला येत नाही ना, आजारात बघत नाही ना, असं चारचौघांत विचारलं की बाई कोसळते. मग काय हवं ते वदवून घेता येतं.” मी म्हणाले, मुलाचं काही विचारायचं नाही. “मग हराल,” ते म्हणाले. मी म्हणाले, गुडघ्यांचं विचारा, तेवढं पुरेसं आहे, ती बाई खोटं बोलणार नाही. कांदा खाऊ दिला पण वास वर येऊ देऊ नको म्हणणारी बाई आहे ती. नियम पाळणारी.

मला तेव्हा तुमच्याबद्दल एवढी खात्री होती. ती आठवली की मला माझाच तिटकारा येतो.

तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलात. पदर डोक्यावर. शपथ घेतलीत, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. माझ्या वकिलांनी विचारलं, “तुम्ही रोज गच्चीवर जाता, खरं आहे?”

“जात होते. आता न्हाई.”

“बस्तीला चालत जाता?”

“रिक्षानं.”

“तुमचे गुडघे दुखत नाहीत आणि केवळ प्रतिवादीला घालवायचं म्हणून तुम्ही खोटं सांगता, असं माझं म्हणणं आहे.”

तुम्ही सन्मतीकडं बघितलं नाहीत. माझ्याकडंही नाही. समोर, कुठंच न बघता म्हणालात, “दुखत्यात.” आणि न्यायाधीश साहेबांनी कोर्टाच्या भाषेत सांगितलं, टंकलेखकानं उतरवलं: माझे गुडघे दुखत नाहीत, हे म्हणणे खरे नाही.

सन्मती साक्ष झाल्या झाल्या गेला, त्याला पुण्यात काम होतं. आपण दोघी त्याच रिक्षानं परत आलो. डबा तुमच्या मांडीवर होता. वाटेत दिवस मावळला आणि तुम्ही तो उघडला नाहीत. त्या रात्री तुम्ही उपाशी राहिलात हे मला कळत होतं. मी विचारलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जिना उतरताना मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तुम्ही भिंतीला हात लावून, एक पाऊल ओढत उतरत होता.

“काय झालं?”

“गुडघा.”

“कवापासनं?”

“काल शपथ घेतली तवापासनं.”

मी भडकले. “नाटक करू नका, आक्का. हितं साहेब न्हाईत.”

“साहेब नसले म्हणून काय झालं? बोललीया मी. आता दुखायलाच पायजेत.”

मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. पण तुम्ही गच्चीवर जाणं बंद केलंत. पापड मला घालायला लावलेत आणि खालून ओरडून सांगत राहिलात, पातळ झालाय, कडेला ओढ. बस्तीला रिक्षा लावलीत, दोन गल्ल्यांसाठी. पिंजऱ्यात जे जे बोलला होता ते ते एकेक करून खरं करायला घेतलंत. बोललेलं मागं घ्यायचं सोडून तुम्ही स्वतःलाच त्याच्या मापानं कापून घेतलंत. आणि न वापरलेला सांधा आखडतोच. वर्ष होता होता तुमचे गुडघे खरोखर दुखायला लागले. रात्री तुम्ही तेल लावत बसायचा, त्याचा वास खाली यायचा.

ह्यालाच लोक तुमचं साधेपण म्हणतील. मी त्याला दुसरं काहीतरी म्हणते. एक अर्ज पुरेसा होता, आक्का. दावा काढून घेते, खाली सही. मी कागद आणून दिला असता, वाचून दाखवला असता. मी तसं म्हणालेही. तुम्ही म्हणालात, “सन्मतीला वाईट वाटंल.” म्हणजे पोराला एक संध्याकाळ वाईट वाटू नये म्हणून तुम्ही आपले पाय देऊन टाकलेत, आणि माझं घरही. तुमचं सत्य एवढं कडक होतं, की तुम्ही खोट्यालाही ते पाळायला लावलंत. पण ज्याच्यासाठी केलंत त्याला ते कळलंसुद्धा नाही. तो फोनवर म्हणायचा, “आई, आता खरंच त्रास होतोय ना, बघ, मी म्हणत नव्हतो?”

निकाल लागला. माझी अडचण कमी, तुमची गरज जास्त, वृद्ध बाईनं शपथेवर सांगितलेलं न मानायला कारण नाही. न्यायाधीशांचं काय चुकलं? काहीच नाही. दावा मंजूर, हुकूमनामा झाला, मी खोल्या खाली करायच्या. 

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, “आपण जिंकलो का हरलो?”

“तुमी जिंकला. मी हरले.”

“मग आता?”

“अपील. जिल्हा न्यायालयात.”

“कर. लगीच कर, मुदत जाईल.” मुदत हा शब्द तुम्ही तोवर शिकला होता. 

मी अपील केलं, हुकूमनाम्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे काय हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, वरचं कोर्ट खालच्या कोर्टाला म्हणतं, जरा थांबा, आम्ही बघतो. तुम्ही मला रव्याचा लाडू दिलात. तुमच्या विजयाला स्थगिती मिळाली म्हणून! आता मी अपीलदार झाले आणि तुम्ही जाबदार. नावं बदलली, रिक्षा तीच राहिली. आता मात्र तुम्हाला रिक्षात बसवायला मला खरोखर हात द्यावा लागायचा.

मग ताप आला. मीच घरी येऊन तुमचं रक्त काढलं, लॅबमध्ये मशीनवर लावलं, आणि रिपोर्ट छापून यायच्या आधी पडद्यावर बघितला. तेव्हाच मला कळलं, हा साधा ताप नाही. तुम्हाला मिरजेला दवाखान्यात हलवलं. सन्मती आला. तो आला, लगेच आला, एवढं मी कबूल करते. पण आल्यावर डॉक्टरांना त्यानं जे पहिलं विचारलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. “त्या सही करू शकतील का?”

त्या दुपारी तो खाली औषधं आणायला गेला असताना तुम्ही मला विचारलंत, “अपिलाची तारीख कवा हाय?”

“पुढच्या महिन्यात.”

“मी आले न्हाई तर काय हुतंय?”

“काय न्हाई. अपिलात तुमचं यायचं काम नसतंय. वकील असला की भागतंय.”

तुम्ही माझ्याकडं टक लावून बघितलंत. “मग एवढे दिवस कशाला नेलीस गं मला?”

एकटीला जायचा कंटाळा यायचा, हे उत्तर होतं. ते माझ्या ओठांवर यायच्या आत तुम्ही डोळे मिटलेत, आणि मग जाईपर्यंत दोन दिवस उघडलेच नाहीत.

अंत्यविधीला सन्मती रडला. खोटं नाही, मनापासून रडला. मला तेही आवडलं नाही.

माझे वकील मला भेटले ते हसत. “ताई, नशीब काढलंत. जिची गरज होती तीच गेली. आता गुडघेच नाहीत तर तळमजला कुणाला हवा? निकाल फिरणार बघा.” माणूस मेल्याचं इतकं स्वच्छ समाधान मी कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. आणि तरी सांगते, तो बोलत होता ते माझ्या फायद्याचं होतं आणि मी खुर्चीवरून उठले नाही. मला घर हवंय, आक्का. तुम्ही गेलात म्हणून कदाचित मला ते मिळेल. मी नको म्हणणार नाही. 

फक्त एक केलं. अपिलातला पहिलाच मुद्दा होता: वादीने शपथेवर धडधडीत खोटी साक्ष दिली. मी म्हणाले, हा काढा.

“ताई, हा आपला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.”

“त्या खोटं बोलल्या, असं कुठंही लिहायचं नाही.”

“तुम्हीच तर सांगितलं होतं, गुडघे दुखत नव्हते म्हणून.”

“तेव्हा नव्हते.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू हिलाही तापच आलाय. ह्याला माया समजू नका, आक्का. तुम्ही जे केलंत ते मला अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण तुम्ही एवढी वर्षं पाय ओढून जे खरं केलंत, ते ह्या टपरीवर चहा पिणाऱ्या वकिलाच्या हातून पुन्हा खोटं व्हावं, हे मला सोसलं नसतं. तुम्हाला खोटारडी म्हणायचा हक्क माझा आहे. कोर्टाचा नाही.

आणि आणखी एक गंमत ऐका. जाबदार वारला की त्याच्या जागी वारस लावून घ्यायचा अर्ज अपीलदारानंच द्यायचा असतो. मुदतीत दिला नाही तर अपीलच संपतं. म्हणजे तुमचं नाव खोडून त्या जागी सन्मतीचं नाव लिहा, अशी विनंती मी कोर्टाला हात जोडून करायची. मी केली. ‘मयत जाबदार’ असं तुमच्या नावामागं माझ्या अर्जात पहिल्यांदा लागलं. तुमच्या पोराच्या फ्लेक्सवर नुसतं ‘मातोश्री’ आहे.

काल तारीख होती. अर्जावर अजून हुकूम व्हायचा होता, त्यामुळं कागदावर तुमचंच नाव होतं. सन्मती मागच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता, तुमचे वकील बॅगेत काहीतरी शोधत होते. शिपायानं दारात उभं राहून पुकारा केला, माझं नाव, मग तुमचं. पद्मावती आप्पासो चौगुले. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, ह्या वेळी जरा ओढून, वऱ्हांड्याकडं तोंड करून, जसं काही तुम्ही बाहेर बाकावर बसला असाल. मला ते ऐकवेना. मी उठून पुढं गेले आणि म्हणाले, “त्या आता येणार नाहीत, साहेब. वारल्या.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. माझा आवाज नीट राहिला नसावा, कारण त्यांनी जरा हळू विचारलं, “बाई, तुम्ही त्यांच्याकडून आलात का?”

“नाही साहेब,” मी म्हणाले. “मी त्यांच्या विरुद्ध.”